मॅकवर हार्ड डिस्क दिसते पण फाइल टाकता येत नाही: फॉरमॅट करायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मी बरोबर समजलोय का ते तुम्हालाही कळेल. २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे, त्यात साधारण १ टीबी भरलंय, बरीच वर्षं जमवलेले फोटो, व्हिडिओ आणि थोड्या कामाच्या फाइल्स. ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा, घरी आता मॅक आलाय, आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर उबुंटू आहे. डिस्क मॅकला लावली की सगळं दिसतं, फोटो उघडतात, पण नवीन काही टाकता येत नाही आणि जुनं डिलीटही होत नाही. एकजण म्हणाला फॅट३२ करा, दुसरा म्हणाला मॅकमध्ये एक सॉफ्टवेअर टाका, तिसरा म्हणाला एक्सफॅट करून मोकळे व्हा. आता तुम्ही विचारताय यातलं नक्की काय करू.

सगळ्यात आधी एक सांगतो, तुमच्या डिस्कला काहीही झालेलं नाही. आणि कृपा करून आज रात्रीच फॉरमॅट मारू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून असं दिसतंय की त्या १ टीबीची दुसरी कॉपी कुठेही नाही. तसं असेल तर फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत, कुठली (एनटीएफएस, फॅट३२, एक्सफॅट ही त्यांचीच नावं) हा प्रश्न नंतरचा, आधी दुसरी कॉपी. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं जातं, एनटीएफएसचं एक्सफॅट करून देणारं आणि डेटा जागच्या जागी ठेवणारं कुठलंही बटण विंडोजमध्येही नाही आणि मॅकमध्येही नाही.

आता मॅकवर असं का होतं ते थोडक्यात. तुमची डिस्क एनटीएफएसमध्ये आहे, ही मायक्रोसॉफ्टची फाइल सिस्टिम, १९९३ साली विंडोज एनटी बरोबर आली. मॅक ती वाचतो पण लिहीत नाही, म्हणजे तुमच्या सेटिंगमध्ये काही चुकलेलं नाही, ते तसंच आहे. लिनक्सचं (उबुंटू हा त्याचाच एक प्रकार) उलट आहे, तिथे एनटीएफएसवर लिहिण्याची सोय बरीच जुनी आहे आणि २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तर त्यासाठीचा नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. त्यामुळे तुमच्या तिघांपैकी अडचण खरं तर एकट्या मॅकची आहे.

म्हणून मी लोकांना पहिला प्रश्न हा विचारतो की मॅकवरून तुम्हाला या डिस्कवर खरंच लिहायचंय का? की फक्त जुने फोटो बघायचेत, एखादा व्हिडिओ मॅकवर कॉपी करून घ्यायचाय? बघायचंच असेल तर काहीच करू नका, डिस्क आहे तशी एनटीएफएस राहू द्या, उगाच १ टीबी इकडून तिकडे हलवायची गरज नाही. माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं आणि ते लोक उगाच दोन दिवस इंटरनेटवर फाइल सिस्टिमची तुलना वाचत बसलेले असतात.

लिहायचं असेल तर दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच महत्त्वाचा. ही डिस्क तुमच्यासाठी पिशवी आहे की कपाट? पिशवी म्हणजे सामान इथून तिथे न्यायचं, पोचलं की रिकामी करायची. कपाट म्हणजे जिथे वस्तू कायमची राहते. तुमच्या डिस्कचं आज झालंय काय, की ते कपाट आहे आणि तुम्ही त्याला पिशवीसारखं रोज ऑफिस ते घर फिरवताय. कुठली फाइल सिस्टिम घ्यायची याचं उत्तर या दोन कामांसाठी वेगवेगळं येतं, आणि लोक एकाच डिस्कला दोन्ही कामं सांगतात तिथे गडबड सुरू होते.

पिशवीसाठी एक्सफॅट, यात मला काही शंका नाही. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली, विंडोजमध्ये व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आहे, मॅकमध्ये १०.६.५ पासून म्हणजे २०१० पासून. लिनक्सला मात्र बरीच वाट बघावी लागली, कारण पेटंटचा प्रश्न होता, मग २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचं तपशीलवार स्पेसिफिकेशन जाहीर केलं आणि २०२० च्या ५.७ कर्नलमध्ये सॅमसंगच्या लोकांनी लिहिलेला चांगला ड्रायव्हर आला. म्हणजे आजच्या घडीला तिन्हीकडे काहीही जास्तीचं न टाकता वाचणारी आणि लिहिणारी, आणि मोठ्या फाइल्स घेणारी, ही एकच आहे.

फॅट३२ पण तिन्हीकडे चालते हे खरंय, पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. डिस्कवर १ टीबी मोकळी असली तरी ५ जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलात तर नाही म्हणते आणि लोकांना वाटतं डिस्क खराब झाली. फॅट३२ १९९६ च्या काळातली आहे, छोट्या पेन ड्राइव्हला, जुन्या कार स्टिरिओला, प्रिंटरला ठीक आहे. २ टीबीच्या डिस्कला नको.

मॅकमध्ये सॉफ्टवेअर टाकून एनटीएफएसवर लिहायचा जो सल्ला तुम्हाला मिळाला तो चुकीचा नाही. अशी सॉफ्टवेअर आहेत, पैशाची आहेत आणि फुकटचीही आहेत, आणि रोज विंडोजवाल्यांच्या डिस्का येतात अशा माणसाला ती घ्यावीच लागतात. पण ती मॅकच्या सिस्टिममध्ये खोलवर बसतात, मॅकचं मोठं अपडेट आलं की कधी कधी चालेनाशी होतात आणि नवीन व्हर्जनची वाट बघावी लागते. एकदा माझ्या ओळखीतल्या एका व्हिडिओ एडिटरचं असंच झालं होतं, रात्री अपडेट केलं, सकाळी क्लायंटची डिस्क लावली तर पुन्हा फक्त वाचता येत होती, आणि दुपारी डिलिव्हरी. शेवटी शेजारच्या विंडोज मशीनवर लावून नेटवर्कवरून कॉपी केली. घरच्या एका डिस्कसाठी हे एवढं सांभाळत बसावं असं मला वाटत नाही.

मग एक्सफॅट करून मोकळं का होऊ नये? कारण एक्सफॅटला जर्नल नाही. हे जरा नीट सांगतो कारण इथेच लोकांचा डेटा जातो. तुम्ही एक फाइल कॉपी करता तेव्हा डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जात नाही, फाइलचा मजकूर लिहिला जातो, डिस्कची कुठली जागा भरली त्याची नोंद होते, आणि फोल्डरच्या यादीत तिचं नाव चढतं. या तीन गोष्टींच्या मधेच केबल निघाली तर एक नोंद झालेली आणि दुसरी राहिलेली अशी अवस्था होते. एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी४ काय करते, की मी आता हे हे बदलणार आहे असं आधी एका वहीत लिहून ठेवते, मग मधेच वीज गेली तरी पुढच्या वेळी ती वही वाचून हिशोब जुळवून घेते. मॅकच्या एपीएफएसची पद्धत वेगळी आहे, ती जुनं न पुसता नवीन जागी लिहिते, पण परिणाम तोच. एक्सफॅटकडे ही वहीच नाही. तिच्याकडे फक्त एक खूण असते की मागच्या वेळी व्यवस्थित बंद झालं नव्हतं, बाकी सगळी डिस्क तपासून शोधावं लागतं. आणि वही असली म्हणजे फाइल वाचेलच असं पण नाही हं, अर्धी कॉपी झालेली फाइल तिथेही अर्धीच राहते, वाचतो तो बाकीच्या डिस्कचा हिशोब.

म्हणून एक्सफॅटच्या डिस्कवर तुमच्या फोटोंची एकमेव कॉपी असू नये. घरातल्या कोणीतरी इजेक्ट न करता डिस्क काढली, असं एकदा झालं, दहादा झालं तरी काही बिघडणार नाही, आणि अकराव्यांदा अख्खा एक फोल्डर रिकामा दिसेल. मी अशा डिस्का बघितल्यात, रिकव्हरी केलीये, फोटो बरेचसे परत मिळतात पण नावं आणि फोल्डर गेलेले असतात, आणि हजारो फोटो नावाशिवाय एका ढिगात बघताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मला पुन्हा बघायचं नाहीये.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट सांगतो कारण मॅकवाल्यांना ही हमखास येते. एक्सफॅटची डिस्क नीट न काढता दुसऱ्यांदा मॅकला लावली तर ती बराच वेळ दिसतच नाही. लाइट लागतो, आवाज येतो, पण फाइंडरमध्ये काही नाही. मॅक पाठीमागे डिस्क तपासत असतो, ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडलात तर एफएससीके एक्सफॅट अशा नावाची प्रोसेस चालू दिसेल. मोठ्या भरलेल्या डिस्कला याला खूप वेळ लागू शकतो. लोक पाच मिनिटं थांबतात, डिस्क मेली म्हणून केबल ओढतात, आणि तपासणी चालू असताना ओढल्यामुळे अजून घोळ होतो. तेव्हा चहा पिऊन या, जेवून या, पण ओढू नका. नाहीच झालं तर विंडोजला लावून डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स मधून एरर चेकिंग चालवा, एक्सफॅटचे घोळ दुरुस्त करायला मला विंडोज जास्त भरवशाचं वाटतं.

लिनक्सवर वेगळी सवय लागते. कॉपीची पट्टी शंभर टक्के झाली म्हणजे सगळं डिस्कवर गेलं असं नसतं, बरंचसं अजून मेमरीत असतं आणि मागून सावकाश लिहिलं जातं. तुमच्या मुलाला सांगा की इजेक्ट दाबल्यावर सुरक्षितपणे काढता येईल असा मेसेज येईपर्यंत हात लावायचा नाही, मग त्याला दोन मिनिटं लागोत नाहीतर दहा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ व्हर्जनपासून एक्स्टर्नल डिस्कसाठी क्विक रिमूव्हल, म्हणजे लिहायचं ते साठवून न ठेवता लगेच डिस्कवर टाकणं, हे मूळ सेटिंग आहे, त्यामुळे तिथे धोका थोडा कमी, पण एक्सफॅट असेल तर विंडोजवरही इजेक्टच करा.

आणि डिस्क एनटीएफएसच ठेवायची ठरवलीत तर लिनक्सवर एक तक्रार येऊ शकते, की अचानक तिथेही ती फक्त वाचता येते किंवा माउंटच होत नाही, म्हणजे उघडतच नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा विंडोजचं फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाउन म्हटलं तरी तो अर्धवट झोपतो, पूर्ण बंद होत नाही, आणि त्या वेळी डिस्क जोडलेली असेल तर तिचा हिशोब उघडाच राहतो. लिनक्स ते ओळखतो आणि लिहायला नकार देतो, जे बरोबरच आहे. डिस्क आधी इजेक्ट करा आणि मग लॅपटॉप बंद करा, किंवा शिफ्ट दाबून शटडाउन करा म्हणजे पूर्ण बंद होतो.

ऑफिसच्या लॅपटॉपबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये पण ते आधी विचारून घ्या. बऱ्याच ऑफिसांमध्ये यूएसबी डिस्कवर लिहायला बंदी असते, किंवा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला पासवर्डचं कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, लावल्याशिवाय लिहू देत नाहीत. बिटलॉकर लावलंत की ती डिस्क मॅक स्वतःहून उघडणार नाही, मग एक्सफॅट करून उपयोग शून्य. तीन कॉम्प्युटरवर चालणारं एन्क्रिप्शन हवं असेल तर व्हेराक्रिप्ट आहे, ते तिन्हीकडे मिळतं, पण मॅकवर त्यासोबत अजून एक गोष्ट इन्स्टॉल करावी लागते आणि घरातल्या सगळ्यांना ते जमेलच असं नाही. ऑफिसच्या फाइल्स आणि घरचे फोटो एका डिस्कवर नसलेलेच बरे, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं. एक नवीन डिस्क घेतली असती, २ टीबी किंवा मोठी, तिला कपाट केलं असतं. फोटो बघणं, लावणं हे आता घरच्या मॅकवर होणार असेल तर ती मॅकच्या फाइल सिस्टिममध्ये. एसएसडी असेल तर एपीएफएस, फिरणारी डिस्क असेल तर जुनी एचएफएस प्लस, म्हणजे डिस्क युटिलिटीत मॅकओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड लिहिलेलं असतं ती, कारण एपीएफएस फिरणाऱ्या डिस्कवर हळूहळू रेंगाळायला लागते. सगळा १ टीबी मॅकवरूनच त्यात कॉपी केला असता, मॅक एनटीएफएस वाचतो त्यामुळे इथे काही अडत नाही. यूएसबी ३ ला मोठ्या फाइल्स सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे १ टीबीला तीन तास धरा, छोट्या फाइल्स खूप असतील तर बरेच जास्त, आणि चुकून यूएसबी २ ची केबल किंवा हब मधे असेल तर सात-आठ तास. लॅपटॉप झोपणार नाही असं सेटिंग करून रात्री लावून ठेवा. झाल्यावर दोन्हीकडची फाइल्सची संख्या आणि बाइट्समधला आकार जुळवा आणि पन्नासेक फोटो, व्हिडिओ वेगवेगळ्या वर्षांचे उघडून बघा.

आणि मग जुनी डिस्क एक्सफॅट करून पिशवी? इथे थांबा जरा. जुनी डिस्क फॉरमॅट केलीत की पुन्हा एकच कॉपी राहिली. म्हणून शक्य असेल तर जुनी डिस्क एनटीएफएसच, आहे तशी, ड्रॉवरमध्ये ठेवून द्या, दुसरी कॉपी म्हणून, आणि ने-आणीसाठी एखादी छोटी एसएसडी किंवा १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह एक्सफॅट करून वापरा. रोज फिरणारी वस्तू ही पडणार, हरवणार, आणि तिच्यावर हरवलं तरी चालेल एवढंच असावं. दुसरी डिस्क घेणं आत्ता शक्य नसेल तर निदान सगळ्यात महत्त्वाचे फोटो मॅकच्या आतल्या डिस्कवर किंवा क्लाउडवर टाका आणि मगच पुढचं ठरवा.

एकाच डिस्कवर दोन पार्टिशन, म्हणजे दोन वेगळे भाग, एक मॅकचं आणि एक एक्सफॅट, हे पण होतं, मॅकच्या टाइम मशीनचा बॅकअप एक्सफॅटवर ठेवता येत नाही म्हणून लोक असं करतात. पण अशी डिस्क विंडोजला लावली की त्याला मॅकचं पार्टिशन ओळखता येत नाही आणि कधी कधी तो विचारतो की वापरण्याआधी फॉरमॅट करायचं का. तुम्ही नाही म्हणाल, पण घरातला दुसरा कोणी हो म्हणेल. माझ्याकडे आलेल्या एका डिस्कवर अख्ख्या वर्षाचा बॅकअप असाच एका क्लिकमध्ये गेला होता. लिनक्सच्या ईएक्सटी४ चंही तेच.

फॉरमॅट करायची वेळ येईल तेव्हा मी शक्यतो विंडोजवर करतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुनं पार्टिशन काढायचं, जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) करायचं, नवीन पार्टिशन करून एक्सफॅट, बाकी आहे तसं. आणि हो, बटण दाबायच्या आधी डिस्कचं नाव आणि आकार दोनदा बघा, शक्यतो बाकी सगळ्या एक्स्टर्नल डिस्का काढून ठेवा. मॅकवर करायची तर डिस्क युटिलिटीत आधी व्ह्यू मधून शो ऑल डिव्हायसेस निवडा, नाहीतर फक्त आतलं व्हॉल्यूम पुसलं जातं, आणि स्कीममध्ये गुइड पार्टिशन मॅप घ्या, म्हणजे जीपीटीच. जुना ॲपल पार्टिशन मॅप चुकून निवडलात तर विंडोजला ती डिस्क वाचताच येणार नाही. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क असेल तर जीपीटी लागतंच, जुनं एमबीआर त्याच्या पुढची जागा बघूच शकत नाही. विंडोजवर १.८१ टीबी आणि मॅकवर २ टीबी दिसली तर घाबरू नका, जागा कुठे गेलेली नाही, विंडोज १०२४ ने मोजतो आणि मॅक १००० ने.

एक्सफॅटवर काय ठेवू नये हे मुलाला सांगा, कारण तो प्रोग्रामिंग करतो असं तुम्ही लिहिलंय. मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅट करताना १२८ केबीचे कप्पे करतो, आणि एक फाइल कितीही छोटी असली तरी एक कप्पा पूर्ण अडवते. २ केबीच्या एक लाख फाइल्स म्हणजे खरा डेटा २०० एमबीच, पण एक्सफॅटवर त्या १२ जीबीच्या वर जागा खातील. शिवाय लिनक्सच्या परमिशन्स आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) तिथे राहत नाहीत, त्यामुळे कोडमधले बदल नोंदवणारं गिट उगाच सगळ्या फाइल्स बदलल्यात असं दाखवतं, पायथनचं एन्व्हायर्नमेंट बनवताना एरर येते. त्याने प्रोजेक्ट झिप किंवा टार करून एक फाइल म्हणून टाकावा.

फाइलच्या नावांचा त्रास पण इथेच सुरू होतो. मॅक किंवा लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह चालतं, विंडोजला चालत नाही. मॅकवर फाइल टाकली की विंडोजमध्ये टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी त्याच नावाची एक छोटी फाइल शेजारी दिसते, तो व्हायरस नाही, मॅक आपली जास्तीची माहिती तिथे ठेवतो, विंडोजवर उडवली तरी तुमचा फोटो तसाच राहतो. मराठी नावं देत असाल तर अजून एक, दऱ्या, सुऱ्या मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस तो फोडून ठेवते. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरला कधी त्या दोन वेगळ्या फाइल्स वाटतात आणि एकाच फोल्डरच्या दोन कॉपी तयार होतात. मी फोल्डरच्या नावात वर्ष आणि महिना आकड्यात आधी लिहितो आणि मराठी शब्द नंतर, म्हणजे निदान शोधायला अडत नाही.

आणि तिघंही एकाच घरात, एकाच वायफायवर असतील तर डिस्क हातात घेऊन फिरण्याची गरजच आहे का ते पण बघा. मॅकच्या फाइल सिस्टिममधली ती नवीन डिस्क मॅकला जोडून ठेवा (जुन्या एनटीएफएसवर मॅक लिहीत नाही), फाइल शेअरिंग चालू करा, विंडोज आणि उबुंटू दोन्ही नेटवर्कवरून ती उघडतील आणि लिहितील सुद्धा. नेटवर्कवरून जाताना फाइल सिस्टिम कुठली हे फक्त मॅकला माहीत असावं लागतं, बाकीचे मॅकशी बोलतात, डिस्कशी नाही. वायफायवर मोठे व्हिडिओ सावकाश जातात, तेवढं एक सोडलं तर घरातल्या घरात हा मला सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग वाटतो. ऑफिसचा लॅपटॉप मात्र त्यांच्या नियमांमुळे घरच्या नेटवर्कवरचा फोल्डर उघडू देईल की नाही ते बघावं लागेल.

उबुंटूचं व्हर्जन कुठलं ते तुम्ही दिलेलं नाही. २२.०४ किंवा पुढचं असेल तर एक्सफॅट आपोआप उघडेल. १८.०४ सारखं जुनं असेल तर एक्सफॅट फ्यूज नावाचं पॅकेज आधी टाकायला लागेल. ते आणि ऑफिसमध्ये यूएसबीवर लिहायची परवानगी आहे का, एवढ्या दोन गोष्टी कळवा, मग पुढचं नेमकं सांगता येईल. तोपर्यंत जुन्या डिस्कवर काही डिलीट करू नका.